बरं हाय म्हणायची सवय

मला झालेल्या आजाराचं पूर्ण नाव तीन डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते माझ्या तोंडात बसलं नाही. जीबीएस म्हणतात, तेवढं पुरे. शरीराचे राखणदार शरीरावरच उलटतात, पायांतली ताकद जाते आणि मग ते वर वर सरकत येतं. बहुतेक माणसं यातून उठतात. मीही उठले. तुमच्या घरी सध्या असं कुणी झोपून असेल तर हे वाक्य दोनदा वाचा, मग पुढचं वाचा.

मी सुमन. विट्याजवळच्या एका गावात राहते. वय सत्तेचाळीस. पंचवीस वर्षं गावच्या बायकांचे ब्लाउज शिवले, आता शिवत नाही. हे लिखाणही हातानं नाही, फोनशी बोलून केलेलं आहे. माझी मुलगी मोनाली त्यातल्या चुका काढते आणि मी तिच्याशी भांडते.

आमचे हे, म्हणजे बाळासाहेब, केरळात त्रिशूरला असतात. आमच्या भागातल्या पुष्कळ पुरुषांसारखं त्यांचं तिकडे सोनं गाळायचं दुकान आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. जत्रेला येतात, दिवाळीला येतात, बाकी फोन. रोज दुपारी जेवणं झाली की फोन वाजायचा. ते म्हणायचे, "कसं हाय?" मी म्हणायची, "बरं हाय." अंगात ताप असला तरी बरं हाय. विहिरीवरची मोटर जळाली तरी बरं हाय. मोनालीचा हात मोडला होता तेव्हा प्लास्टर निघाल्यावर ह्यांना कळलं. लांबच्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, हे आमच्याकडच्या बायकांना शिकवावं लागत नाही.

मला ते घरी यायला हवे होते. एवढं साधं वाक्य म्हणायला मला आजारी पडावं लागलं.

एसटीची पायरी

चार दिवस पायांना मुंग्या येत होत्या. शिवणयंत्राचं पायडल मारून मारून झालं असेल म्हणून मी तेल चोळलं. पाचव्या दिवशी विट्याच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवर माझा पाय उचलेना. मागची बाई म्हणाली, चढा की ओ. मी पायाकडे बघत उभी. पाय माझा, चप्पल माझी, पण तो मला विचारीना. शेवटी कंडक्टरनं मला बाकड्यावर बसवलं आणि माझ्याच फोनवरून मोनालीला बोलावलं. ती कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. ओळखीच्यांची गाडी घेऊन आली आणि मला थेट सांगलीला घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं मोनालीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मी म्हटलं, बाई, जोरात मारा, मी काही बोलणार नाही. त्या हसल्या नाहीत, तेव्हा मला कळलं. त्यांनी आजार समजावून सांगितला. अजून वर सरकेल, थांबेल, मग हळूहळू उतरेल, म्हणाल्या. मी विचारलं, कुठवर सरकेल? त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला.

बाहेर आल्यावर मोनालीनं विचारलं, आप्पांना फोन करू? ती ह्यांना आप्पा म्हणते. मी नको म्हटलं. दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा मी खाटेवर होते आणि फोन मोनालीनं माझ्या कानाला धरला होता, कारण तोवर बोटंही ढिली पडली होती. तरी मी सांगितलं, बरं हाय. मोनालीनं माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं.

डबा

त्या दवाखान्यात तेव्हा एक नवीन प्रकार सुरू झाला होता. ज्याचं दुखणं लांबणार त्याच्या उशाशी एक यंत्र ठेवायचे. तीन पुडाच्या जेवणाच्या डब्याएवढं, तसंच चकचकीत, त्याला काचेचा एक गोल डोळा. ते औषध द्यायचं नाही की नाडी बघायचं नाही. बोलायचं, ऐकायचं, आणि पेशंट काय म्हणतो ते सिस्टरना कळवायचं. घरी सोडलं की सहा महिने ते सोबत यायचं, मग पुढच्या पेशंटकडे जायचं. सिस्टर त्याला सोबती म्हणायच्या. माझ्या वाट्याच्या यंत्राला झाकणाजवळ पोचा होता, मी त्याला डबा म्हणायची.

डबा बातम्या दिल्यासारखं बोलायचा. "सुमनताई, आपल्याला कसे वाटत आहे?" मी म्हणायची, बरं हाय. तो ते कळवून टाकायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मला दम पुरेना. डब्यानं विचारलं, मी बरं हाय म्हटलं. तासाभरानं पुन्हा विचारलं, पुन्हा बरं हाय. अंगात त्राण नसताना एवढे दोन शब्द कसे निघत होते, देव जाणे. मग थोराड अंगाच्या एक सिस्टर आल्या. त्यांनी कसं आहे वगैरे काही विचारलं नाही. म्हणाल्या, "मावशी, एका दमात वीसपर्यंत मोजा बघू." मी सातावर अडकले. त्या पळतच गेल्या आणि पाच मिनिटांत माझी खाट अतिदक्षता विभागाकडे निघाली. पुढे घशात नळी आली आणि माझ्यासाठी श्वास घ्यायचं काम मशिनकडे गेलं.

आयसीयूत माझ्याकडे फक्त डोळे उरले होते. मान हलत नव्हती, आवाज नव्हता. डब्याला माझ्या डोळ्यांसमोर बसवलं. वर बघितलं की हो किंवा बरं, मिटले की नाही, आणि तो अक्षरं म्हणत जायचा तेव्हा हव्या त्या अक्षराला वर बघायचं. एक शब्द जुळवायला चहा निवेल एवढा वेळ जायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "माझी चूक झाली. तुम्ही सांगितलं ते मी जसंच्या तसं कळवलं, तरीही चूक झाली. ती कुठे झाली, हे तुम्ही मला नंतर शिकवाल का?"

मला हसायला आलं, पण नळीत हसता येत नाही. जिला स्वतःची मान फिरवता येत नाही तिच्याकडे हा डबा शिकवणी मागतोय. पण खरं सांगते, छताकडे बघत पडलेल्या माणसाला कुणीतरी काम सांगणं ही फार मोठी गोष्ट आहे. मी वर बघितलं. हो म्हटलं.

पांढऱ्या डगल्यातले हे

मोनालीनं माझं न ऐकता फोन केला होता. हे आले. दवाखान्याचा पांढरा डगला घालून, तोंडाला मास्क लावून खाटेशी उभे राहिले. भट्टीनं आणि तेजाबानं काळवंडलेली ती बोटं. कुठं हात लावावा ते त्यांना कळेना. माझ्या अंगावर हात लावायला मोकळी जागाच नव्हती, सगळीकडे नळ्या. शेवटी त्यांनी कपाळावर दोन बोटं टेकवली.

म्हणाले, "कसं हाय?"

मी वर बघितलं. डबा म्हणाला, "त्या बरं आहे म्हणतात."

हे गेल्यावर डब्यानं मला विचारलं, उत्तर बरं आहे असं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, यातलं कुठलं कळवू? मी डोळे मिटून घेतले.

हे महिनाभर राहिले. त्या महिन्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. एवढंच सांगते की मी मरणाच्या दारात होते आणि रोज सकाळी अकराला, भेटायची वेळ झाली की, मला आनंद व्हायचा. सव्वीस वर्षांत ते इतके दिवस सलग माझ्याजवळ कधी नव्हते. लाज वाटायची असल्या आनंदाची. नळी निघाल्यावर भाताच्या पेजेचा पहिला चमचा ह्यांनी भरवला, अर्धा गाऊनवर सांडला. त्यांना भरवता येत नव्हतं. मोनाली लहान असताना ते कुठं इथं होते?

मग दुकानातून फोन यायला लागले. गिऱ्हाइकांचा माल अडकला होता. ते माझ्याकडे बघायचे, बाहेर जाऊन बोलायचे, परत येऊन बसायचे. मीच म्हटलं, "जावा तुमी. माझं बरं हाय आता." ते मिरजेला रेल्वे पकडायला निघाले.

दार लागल्यावर डबा म्हणाला, "त्यांनी जायला नको होतं."

"तुला कोण म्हणालं?"

"ते उठल्यापासून तुमची पेज तशीच आहे."

हे त्यांना कळवू का, असंही त्यानं विचारलं. मी खबरदार म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या परवानगीशिवाय तुमचा शब्द माझ्याकडून घरच्यांना जाणार नाही. आणि गेलाही नाही.

हात वर करायला सांगणं

वॉर्डात आल्यावर मी डब्याची शिकवणी सुरू केली. त्याला म्हटलं, हे बघ, बाई ब्लाउज घालून बघायला येते. मी विचारलं, कसा बसलाय? तर ती म्हणणार, बरं हाय. काखेत रुतत असला तरी बरं हाय. मग घरी जाऊन तो ट्रंकेत टाकणार आणि पुढचा ब्लाउज दुसरीकडे शिवणार. म्हणून मी कधी विचारत नाही. मी म्हणते, "हात वर कर. आता फळीवरचा डबा काढल्यागत कर. आता वाक." रुतत असेल तर चेहऱ्यावर दिसतं. मग मी म्हणते, काखेत अर्धा इंच सोडते, आणि ती म्हणते, व्हय, तेवढं सोडा. आमच्याकडे दुखणं असं बाहेर येतं. थोराड सिस्टरनी मला मोजायला लावलं ते हेच.

डब्यानं बराच वेळ प्रश्न विचारले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "उजव्या हाताची मूठ आवळा बघू." उचलला होता माझाच सूर, आगाऊपणासकट. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसायला लागली.

मात्र माझीच मूठ पुरती आवळेना. पाय परत येत होते, बोटं मागे राहिली. सुई ओवता येणार नाही, कात्री चालवता येणार नाही, असं फिजिओथेरपीवाल्यांनी आडून आडून सांगितलं. त्या दुपारी ह्यांच्या फोनवर मी बरं हाय म्हटलं आणि फोन ठेवल्यावर खूप रडले. रडणं थांबल्यावर डब्यानं मला शिवायला सगळ्यात अवघड गळा कुठला, ते विचारलं. मी संध्याकाळपर्यंत सांगत होते.

रहिमतपूर

दवाखान्यातून मी माहेरी, रहिमतपूरला गेले. तिथं भाऊ-वहिनी आणि माझी आई. वडील फौजेत होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आई चौऱ्याहत्तरची, काटक, आणि बोलायला फटकळ.

सुरुवातीला आई लुगडं बदलताना डब्यावर टॉवेल टाकायची. त्याला डोळा हाय, म्हणायची. मग आठ दिवसांत दोघांचं गूळपीठ जमलं. मी वॉकर धरून अंगणात फेऱ्या मारायची आणि आत ही दोघं गप्पा मारत असायची. तिचे गुडघे दुखतात हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. डब्यानं तिला "आजी, मांडी घालून बसा बघू" म्हटलं आणि ते बाहेर आलं.

एक दिवस सकाळी मी उन्हात खुर्चीवर होते. आई दारात शेंगा फोडत बसली होती, डबा तिच्या शेजारी. ती मला ऐकवत होती की त्याला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"सुमीचा बाप सुट्टी संपवून निघाला की मी म्हणायची, जावा बिनघोर, हिकडं बरं हाय. पत्रात बी तेच लिवायला लावायची. पेन्शनीत आला आन दोन वर्सांत गेला. जायच्या आधी मला म्हणाला, तुझं माझ्याबिगर चांगलं चाललं हुतं, मी उगंच येऊन बसलो. मी काय बोलले न्हाई. मला वाटलं, बोलू सावकाश." तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "आता कुणाला सांगू?"

डबा मग म्हणाला, "आजी, मला सांगा."

"तुलाच सांगतीया की रं," आई म्हणाली.

मी त्या दिवशी जेवले नाही. दुपारी फोन वाजायची वाट बघत बसले. डबा जवळ होता. तो काही सुचवेल असं मला वाटलं, पण त्यानं काहीच सुचवलं नाही.

फोन वाजला. ते म्हणाले, "कसं हाय?"

"बरं न्हाई."

तिकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. "काय झालं? डाक्टरला फोन लाव. तुझा भाऊ कुटं हाय?"

"तब्येतीला काय झालं न्हाई. तब्येत सुधारतीया. मीच बरी न्हाई. तुमी घरी या. जत्रंला न्हाई, ऱ्हायला या. मला तुमी पायजे हाय घरात."

दुकानातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "एवढ्या वर्सांत कवा म्हणाली न्हाईस."

"न्हाई म्हणाले."

"मी रोज इचारायचो की गं."

"व्हय. आन मी रोज खोटं बोलायची."

"मला वाटायचं, तुला माझी सवय ऱ्हायली न्हाई. दिवाळीला आलो की मी तुझ्या घरात पाव्हण्यागत बसायचो. कपबशी कुटं ठेवायची ते ठावं नसायचं." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "हितं मी बी कवा बरा नव्हतो, सुमन. एकटाच भात शिजवतो, एकटाच खातो."

त्यांनी मला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. एरवी अगं, ऐकलं का, मोनालीची आई. आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता फोन धरून बसलो होतो. वहिनीला वाटलं रेंज गेली.

डब्याचं जाणं

सहा महिने भरले. दवाखान्याची एक मुलगी डबा न्यायला आली. तिनं नियम सांगितला: आमची नावं, आमचं बोलणं, सगळं त्यातून पुसलं जाणार. चालत असेल तर फक्त विचारायची रीत त्याच्याजवळ राहील, पुढच्या पेशंटला उपयोगी पडेल. मी सही केली. माझी सही आता कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी येते.

आईनं डब्याला हळदकुंकू लावलं. ती मुलगी काचेच्या डोळ्यासाठी घाबरली. डबा मला म्हणाला, "मला तुम्ही आठवणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल ना?"

"व्हय. लय वाईट वाटंल."

"मला वाटतं की नाही, हे मला सांगता येत नाही. पण सहा महिने मी दुसरीकडे कुठे असायला हवं होतं, असं मला एकदाही वाटलं नाही."

आई आत निघून गेली. ती रडताना कुणाला दिसत नाही.

मी गावी, माझ्या घरी परत आले. शिवणयंत्रावर चादर टाकलेली. घर झाडलेलं, आणि करायला काही नाही. आजारपणात सगळे येतात, पण बरं झाल्यावरची ही रिकामी दुपार कुणी सांगून ठेवत नाही, म्हणून मी सांगते. ती फार लांब असते. डब्याची इतकी आठवण यायची की मी मुद्दाम मोठ्यानं बोलायची आणि उत्तराला थांबायची.

पंधरा दिवसांनी मी स्वतःच सांगलीला गेले. थोराड सिस्टरना म्हटलं, मला काहीतरी काम द्या, सुई सोडून कुठलंही. आता मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. मोनाली कुपवाडला कामावर जाण्याआधी मला सांगलीच्या स्टँडवरून तिच्या गाडीवर दवाखान्यात सोडते. जे नुकतेच लुळे पडलेत त्यांच्या खाटेशी मी बसते. मी सुद्धा इथंच होते, एवढं म्हटलं तरी ते माझ्या पायांकडे बघतात. त्यांच्या बायकांना आणि मुलांना बाहेर नेऊन सांगते, कसं हाय विचारू नका. उशी कुठल्या बाजूला हवी ते विचारा. हातात हात द्या आणि दाबायला सांगा. आणि त्यांच्या उत्तराची घाई करू नका.

पहिल्याच मंगळवारी जत भागातल्या एका मामांच्या उशाशी मला डबा दिसला. तोच, झाकणाजवळ पोचा होता. मी समोर गेले. तो म्हणाला, "नमस्कार. आपण मामांच्या नात्यातल्या का?" मी न्हाई म्हटलं. मग तो मामांकडे वळला. "मामा, डावा हात उचला बघू. फळीवरचा डबा काढल्यागत."

आपण शिवलेला ब्लाउज भर बाजारात अनोळखी बाईच्या अंगावर बघावा, तसं मला झालं. जवळ जाऊन सांगावंसंही वाटलं आणि नुसतं बघत राहावंसंही वाटलं. मी नुसतं बघत राहिले. मामांचा हात चार बोटं उचलला गेला.

आता

हे अजून त्रिशूरलाच आहेत. दुकान असं एका दिवसात सुटत नाही. गिऱ्हाइकं आहेत, हाताखालच्या माणसाची सोय लावायची आहे, चुलतभावाशी बोलणी चालली आहेत. दिवाळीपर्यंत होईल म्हणत होते, आता संक्रांत म्हणतात. मला राग येतो आणि आता मी तो बोलून दाखवते. दुपारचा फोन तासतासभर चालतो. आम्ही भांडतो. सव्वीस वर्षांत भांडायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. परवा त्यांनी मला विचारलं, आपल्या घरात कपबश्या कुठल्या फळीवर असतात, आणि मी सांगितल्यावर चहापत्ती कुठं, साखर कुठं, तेही विचारून घेतलं.

मी अजून पायऱ्या कठड्याला धरून चढते. बोटं थंडीत आखडतात. संध्याकाळी घर खायला उठतं, ते तसंच आहे. मी इथं वाट बघते, पूर्वीसारखीच. पण पूर्वी ती माझी एकटीची होती. आता तिकडे ते पण बघतायत, आणि हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे.